मदत हवी आहे : मुस्लिमद्वेषाचे फ्रान्स-ब्रिटनचे आकडे एका तक्त्यात कसे मांडावेत?

इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत २००१पासून धर्माचा प्रश्न आहे, म्हणून दर लाख मुस्लिमांमागे मुस्लिमद्वेषी गुन्हे किती, हे काढता येतं. फ्रान्सच्या जनगणनेत धर्म विचारतच नाहीत, मग छेद कुठला धरायचा? २०१९-२०च्या सरकारी सर्वेक्षणात १० टक्के लोकांनी स्वतःला मुस्लिम म्हटलं, पण त्यात वयोगट फक्त १८ ते ५९. मुलं आणि वृद्ध कसे जोडावेत?

दुसरी अडचण जास्त गंभीर. सीसीआयएफ ही फ्रान्समधली इस्लामद्वेषविरोधी संघटना पोलिसांपर्यंत न पोचलेला, शाळा-नोकरीतला भेदभावही नोंदवायची. डिसेंबर २०२०मध्ये फ्रेंच सरकारने ती बरखास्त केली. पुढचं काम ब्रुसेल्समधून सीसीआयई ही युरोपभरासाठीची तशीच संघटना करते. दोन्हींच्या नोंदी एकाच रेषेत जोडणं मला धोक्याचं वाटतं, कारण निकष बदलला की वाढ खोटी दिसते. दोघांचे वार्षिक अहवाल कुणी ओळीने ताडून पाहिलेत का?