वाड्यातली मंडळी 🙏 : कुंदा कुणी दिला?

थोरली वहिनी: काल शहापूरला मी हात धुवायला आत गेले तेवढ्यात चिंगीला तो दुधाचा कुंदा कुणी दिला? ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. रात्री साडेदहाला दवाखाना गाठला. आता बरी आहे. भांडायला विचारत नाही, पण कळू दे की.

शहापूरची आत्या: अगं बाई! मी नाही गं. मी केळं दिलं, तेसुद्धा तुला विचारून.

निपाणीचे काका: कुंद्यात दूध राहतंय कुठं? आटवून आटवून खवाच झालेला असतोय.

थोरली वहिनी: काका, आटतं ते पाणी. दुधातलं प्रथिन तिथंच राहतं, उलट घट्ट होतं. चिंगीला त्याचीच ॲलर्जी. दूध पचत नाही ते वेगळं, हे वेगळं.

तात्या: बी-१२ जीवनसत्त्वाचं काय केलंत? भाजीपाल्यात नसतं ते.

पिंट्या: कुंदानगरीत राहून वीगन 😂 कुंदा गेला, मांडे तुपाचे, करदंटाचा डिंक तुपात तळलेला. वहिनी, बेळगावच सोडा!

धाकटी काकू: पिंट्या, पोरगी रात्री दवाखान्यात होती.

पिंट्या: सॉरी सॉरी 🙏

शहापूरची आत्या: एका पोरीसाठी सगळ्या घराचं दूध-तूप बंद... असो. तुमचं घर, तुमची मर्जी.

थोरली वहिनी: आत्या, दोन महिने वेगळं करून बघितलं. डाव एकच, गाळणी एकच, कधीतरी चूक होतेच. मटण-अंडी पोरं तशीही तोंडाला लावत नाहीत, मग यांनीच म्हटलं दूधपण नको घरात. खरी पंचाईत पुढं आहे. जो तो शेंगदाण्याचं दही लावायला सांगतो, आणि बाळूला शेंगाच चालत नाहीत. आपल्याकडं शेंगा कशात नाहीत? पोह्यात, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात. परवा मिक्सरच्या झाकणाचं रबर काढलं तर आत शेंगाचटणीची लाल रेघ. त्याच भांड्यात मी त्याची खोबऱ्याची चटणी वाटत होते.

तात्या: बी-१२ चं काय केलंत?

धाकटी काकू: गुरेळ्ळूची चटणी कर की. कारळं भाजून, सुकं खोबरं, लसूण, तिखट. मी आणते करून, खलबत्ता नवा आहे, त्यात शेंगा कुटलेल्या नाहीत.

थोरली वहिनी: द्या काकू. बाळू काळा रंग बघूनच ताट सरकवेल, पण द्या. चिंगीला नाचणीची गूळ घातलेली आंबील आवडते, तेवढं एक सुख.

पिंट्या: भारी आहे ते. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, गाईच्या दुधात सव्वाशेच्या आत. आणि वहिनी, पाकिटावर हिरव्या 'व्ही'चं चिन्ह बघून घ्या, २०२२ च्या नियमात आलंय.

थोरली वहिनी: ते चिन्ह चिंगीपुरतं. शेंगदाणा काय, तोही वीगनच! बाळूसाठी मागची ॲलर्जीची ओळ वाचावीच लागते. चष्मा घेऊन दुकानात उभी असते मी.

शहापूरची आत्या: रविवारी येणार ना सगळे? बिनदुधाचा चहा माझ्याच्यानं होणार नाही, आत्ताच सांगते.

थोरली वहिनी: मी नारळाचं दूध घालून केला, फुटला. यांनी तीन दिवस काळा चहा प्याला. आता ऑफिसातून दोनदा पिऊन येतात. मला कळत नाही असं वाटतंय त्यांना.

पिंट्या: दादा लगेच ऑफलाइन 😂😂

तात्या: बी-१२ बद्दल कुणी बोललंच नाही.

थोरली वहिनी: सुरू आहे तात्या. मुलांच्या डॉक्टरांनीच वयाप्रमाणे दिलंय. तुम्ही तिसऱ्यांदा विचारताय म्हणून विचारते, काल चिंगी तुमच्या मांडीवर होती ना?

तात्या: 🚫 हा मेसेज डिलीट केला

तात्या: चमच्याच्या टोकाएवढा. तिनंच मागितला. नाही म्हणवेना.

शहापूरची आत्या: बघा! आणि सगळे माझ्याकडं बघायलेत.

थोरली वहिनी: तात्या, टोकाएवढापण नको. पुन्हा मागितला तर आधी मला हाक मारा.

निपाणीचे काका: तात्यांनी स्वतः किती चमचे हाणले तेपण विचारा. साखर आहे त्यांना.

धाकटी काकू: पिवळ्या झाकणाचा डबा शहापूरला राहिलाय, कुणाचा आहे?

शहापूरची आत्या: माझाच आहे. दोन वर्षांनी परत आलाय.