एसयूव्ही घेणारे सगळे न्यूनगंडाचे बळी?

पौडरोडकर
परवा इथे फोरमवर एका सदस्याने ठणकावून लिहिलं, की एसयूव्ही घेणारा माणूस आतून पोकळ असतो, म्हणून त्याला बाहेरून पत्र्याचं कवच लागतं. खाली "अगदी अगदी" करणाऱ्यांची रांग. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा.

तुमच्या पिढीने काय केलं हो? 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, तेव्हा नंबर लागलेले लोक 'ऑन', म्हणजे वरचे पैसे, घेऊन गाडी विकत होते. पद्मिनी नि अँबॅसिडर रस्त्यावर असताना सगळे त्या डबीवर लट्टू. ते काय फक्त ॲव्हरेजचा हिशोब मांडून? नवी होती, जपानी होती, शेजाऱ्याकडे नव्हती. ती हौस, आणि आमची ती विकृती! माझ्या आईला गुडघ्यांमुळे खाली वाकून गाडीत बसता येत नाही. उंच सीटवर ती सरळ बसते. यात कसला आला गंड?

साधामाणूस
तो 'सदस्य' मीच, नाव घेतलंत तरी चाललं असतं.
गुडघ्यांसाठी सनरूफ लागतं का? पुण्याच्या उन्हात छप्पर उघडून कोण बसतं? पोरांना वर उभं करून रील काढतात, तेवढाच उपयोग. आणि ज्याला तुम्ही एसयूव्ही म्हणता ती बहुतेक वेळा टाचा उंचावलेली हॅचबॅक, म्हणजे साधी छोटी गाडीच असते. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत, कारण 2006 च्या बजेटपासून कराची सवलत तिथे मिळते. बॉनेट फुगवलं, काळं प्लॅस्टिक लावलं, झाली एसयूव्ही.

मृण्मयी_न
सनरूफची टिंगल करू नका, सगळी गंमत तिथेच आहे. 1939 मध्ये अर्न्स्ट डिश्टर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने प्लिमथ गाड्यांसाठी अभ्यास केला होता. त्याचं म्हणणं, काचेतली उघड्या टपाची गाडी बघून पुरुष शोरूममध्ये शिरतो आणि घरी बंद टपाची सेडान घेऊन जातो. पहिली प्रेयसी, दुसरी बायको. आता एकाच गाडीत दोन्ही बसवलंय, हप्त्यावर.

शिवाय इथे सगळे पुरुषांच्याच मनाबद्दल बोलताय. मी हॅचबॅक चालवायचे तेव्हा मागून हॉर्न, बाजूने कट. उंच गाडी घेतली, तेच लोक जागा देतात. मला कुणावर छाप पाडायची नव्हती, मला सुखाने ऑफिसला जायचं होतं.

साधामाणूस
म्हणजे दुसऱ्याला दबकवण्यासाठीच घेतलीत! माझाच मुद्दा. व्हिएन्नाच्या संशोधकांनी 2008 मध्ये लोकांना गाड्यांचे पुढचे भाग दाखवले, तर त्यांना त्यात चेहरे दिसले, आणि रागीट, दांडगट चेहऱ्याच्या गाड्या जास्त आवडल्या.

मृण्मयी_न
दबकवलं नाही, दबायचं थांबवलं. फरक कळत नसेल तर सोडा.

गिअरबदलू
लोक उपयोग बघत असते तर टाटांची स्वस्तातली नॅनो तुफान चालली असती. विषय संपला.

सांगलीची_हळद
काही संपला नाही. 2008 ला दिल्लीत दाखवली, मग बंगालात सिंगूरला जमिनीवरून घोळ, कारखाना गुजरातेत साणंदला. त्यात सुरुवातीच्या काही गाड्यांना आगी लागल्या. डिकी बाहेरून उघडायची नाही, ती सोय 2015 ला आली. लोकांनी नाकारली ती गाडी म्हणून. मानसशास्त्र कशाला?

गिअरबदलू
रतन टाटा स्वतः म्हणालेत की 'सर्वात स्वस्त' हा शिक्का नडला. आमच्या काकांनी हौसेने घेतली. लग्नाला गेले की कार्यालयाच्या मागच्या गल्लीत लावायचे आणि चालत पुढच्या दाराने यायचे. स्कूटरवर जायचे तेव्हा मात्र अगदी मांडवासमोर लावायचे! स्कूटरवाल्याला कोणी हसत नव्हतं.

सांगलीची_हळद
तुमचे काका लाजाळू, यात गाडीचा काय दोष? आमचे सासरे अजून नॅनोच चालवतात. पेठेच्या बोळात जिथे तुमच्या रणगाड्यांचा आरसाही शिरत नाही तिथे हे आरामात वळवतात. विका म्हटलं की जेवण सोडतात.

गिअरबदलू
एक सासरे म्हणजे बाजार नव्हे.

सांगलीची_हळद
आणि एक काका म्हणजे?

वाकडनाका
नॅनो राहू द्या, आमच्या सोसायटीत पार्किंगचे पट्टे आखले तेव्हा कोणाकडे एवढ्या गाड्या नव्हत्या. आता शेजारच्या साहेबांचं धूड माझ्या जागेत हातभर घुसतं. सांगितलं तर म्हणतात, "तुम्हीपण मोठी घ्या." मीटिंगमध्ये विषय काढला तर चेअरमनच त्यांच्या गाडीतून फिरणारे.

पौडरोडकर
अहो, पार्किंगचा धागा वेगळा आहे.

वाकडनाका
तिथेही हेच साहेब मॉडरेटर आहेत.

साधामाणूस
पौडरोडकर, आईंच्या गुडघ्यांचं मान्य. त्यांना उंच सीट जरूर घ्या. पण मग सगळ्यात वरचं मॉडेल कशाला, मधलं घ्या. सीटची उंची तीच असते.

पौडरोडकर
मधल्यात लाल रंग मिळत नाही.

साधामाणूस
आईंना लाल आवडतो वाटतं.

सांगलीची_हळद
गिअरबदलू, पळ काढू नका. काकांनी नंतर कोणती घेतली ते सांगा आधी.