मदत हवी आहे: आयरिश सोडा ब्रेड आतून चिकट, चव साबणासारखी

प्रश्न:
चक्कीची कणीक ३ कप, खायचा सोडा २ चमचे, मीठ १ चमचा, जेवणातलं पातळ ताक दीड कप. १० मिनिटं मळून गोळा अर्धा तास झाकून ठेवला. ओटीजी १८०वर ४० मिनिटं. वरून दगड, आतून चिकट, मध्येमध्ये पिवळट तपकिरी ठिपके. यीस्ट घालायला हवं होतं का? की सोडा वाढवू?

उत्तर १:
यीस्ट नको आणि सोडा तर अजिबात वाढवू नका, निम्मा करा. साबणाची चव म्हणजे उरलेला सोडा. त्याला आंबटपणा पुरला नाही, कारण जेवणातल्या ताकात अर्धंअधिक पाणीच. आंबट दही २५० ग्रॅम आणि पाणी १५० मिली घुसळून घ्या. ओतताना साय पडल्यासारखं दाट दिसलं पाहिजे. ठिपके गुठळ्यांचे, सोडा बोटानं चुरून मैद्याबरोबर (कणीक नको, मैदाच घ्या) दोनदा चाळा.

४५० ग्रॅम मैदा, १ सपाट चमचा (५ मिलीचा) सोडा, तेवढंच मीठ, ३५० ते ४०० मिली ताक. बाकी काही नाही. मनुका घातल्या तर तो वेगळा प्रकार.

उत्तर २:
वरच्याशी सहमत, पण खरी चूक मळण्यात आहे. ही पोळीची कणीक नव्हे. आयर्लंडच्या गार, दमट हवेत मऊ, कमी ग्लुटेनचा (पिठाला ताण देणारं चिवट प्रथिन) गहू पिकतो. यीस्टच्या पावाला तो कमी पडतो, म्हणून १९व्या शतकात सोडा मिळू लागल्यावर घरोघरी हा पाव रुळला. मळून ग्लुटेन ताणलंत की पाव चिवट होतो. शिवाय ताक पडताक्षणी वायू सुटायला लागतो, अर्ध्या तासात बराचसा उडून जातो.

हाताची बोटं फाकवून पंजा कडक ठेवा, परातीत कडेनं गोल फिरवा. पीठ ओलं झालं की थांबा. गोळा खडबडीत आणि किंचित चिकट राहिला तर बरोबर. ४ सेंमी जाडीचा थापा, सुरीनं खोल फुली द्या (नुसती रेघ नको, मधला भाग शिजायला ती लागते) आणि लगेच आत. आधी तापवलेला ओटीजी, दोन्ही कॉइल चालू, २३०वर १५ मिनिटं, मग २००वर २५ ते ३०. उलटा करून बुडावर टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा. वरचं कडक आवडत नसेल तर गरम असतानाच फडक्यात गुंडाळा. कापायची घाई केलीत तर शिजलेलाही चिकट लागतो.

प्रश्नकर्ती:
कणीक हवीच असेल तर? आणि ओटीजी नसेल तेव्हा?

उत्तर १:
३०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम कणीक, वर मूठभर कोंडा. तिकडचं ब्राऊन पीठ जाडंभरडं असतं, आपली कणीक बारीक आणि पाणी जास्त पिते. ताक थोडं जास्त लागेल, अंदाजानं घाला.

ओटीजी नसेल तर अल्स्टरकडचा (आयर्लंडचा उत्तर भाग) फार्ल करा, म्हणजे याच सोडा ब्रेडचे चपटे चौथाई तुकडे. तिथे तो तव्यावरच होतो. निम्मं प्रमाण, दीड सेंमी जाड गोल, फुली मारून चार तुकडे. जाड लोखंडी तवा मंद आचेवर ठेवून चिमूटभर मैदा टाका. तो सावकाश बदामी झाला तर आच बरोबर, लगेच करपला तर कमी करा. प्रत्येक बाजू ८ मिनिटं. शेवटी तुकडे एकमेकांना टेकवून उभे करा आणि कापलेल्या कडाही शेका. कच्चेपणा तिथेच राहतो.