मेडिकल प्रवेशाची मुलाखत: तयारी कशी करू?

कोवळं_ऊन

नमस्कार मंडळी. दोन वैद्यकीय महाविद्यालयांकडून मुलाखतीचं बोलावणं आलंय. एकीकडे एमएमआय (मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू) आहे, म्हणजे एकामागून एक छोटी छोटी स्टेशनं, प्रत्येक खोलीत वेगळा परीक्षक आणि वेगळा प्रसंग. दुसरीकडे तीन जणांच्या पॅनेलपुढे अर्धा तास. पहिलीला साडेतीन आठवडे उरलेत, दुसरी तिच्यानंतर दहा दिवसांनी.

लेखी परीक्षेची मला कधी भीती वाटली नाही. पण अनोळखी माणसासमोर स्वतःबद्दल बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. ‘डॉक्टर का व्हायचंय?’ याचं उत्तर मी अकरा वेळा लिहून काढलं आणि दर वेळी ते आधीच्यापेक्षा जास्त खोटं वाटलं. घरात कुणीच डॉक्टर नाही, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला? उत्तरं पाठ करावीत का? एथिक्स किती वाचावं? रोल-प्लेमध्ये नक्की काय करायचं असतं? आणि क्लास लावावा का? फी आवाक्याबाहेरची आहे. घरचे कर्ज काढायला तयार आहेत, पण माझं मन धजत नाही. अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

पुन्हा_अर्ज

अगं, क्लाससाठी कर्ज मुळीच काढू देऊ नकोस. मी लावला होता. त्यांनी दीडशे प्रश्नांची छापील उत्तरं दिली, मी ती तोंडपाठ केली, आणि त्या वर्षी मला एकाही ठिकाणी प्रवेश मिळाला नाही. एका मुलाखतीत विचारलं, ‘तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा.’ मी छापील उत्तर सुरू केलं: गटात काम करताना मी सगळी जबाबदारी स्वतःवर ओढून घेतो वगैरे. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘त्या गटात आणखी कोण होतं? त्यांना काय वाटलं?’ मला काही सुचेना, कारण तसा गट कधी नव्हताच.

पुढच्या वर्षी मी फक्त एक वही केली. डाव्या पानावर काय घडलं ते, उजव्या पानावर मला त्यातून काय कळलं ते. तेव्हा मी एका वृद्धाश्रमात जेवण वाढायला जात होतो. पक्षाघात होऊन गेलेले एक आजोबा रोज अर्धं ताट तसंच ठेवायचे. मी वहीत लिहिलं, ‘भूक कमी झाली आहे.’ तीन दिवसांनी तिथल्या सिस्टर आल्या, ताटाकडे पाहिलं आणि काही न बोलता ते फिरवून ठेवलं. आजोबांनी उरलेलं सगळं संपवलं. अन्न नेहमी डाव्याच बाजूचं उरत होतं आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांना डावीकडची बाजू जाणवतच नाही, हे मला नंतर कळलं.

‘डॉक्टर का?’ याचं उत्तर म्हणून मी एवढंच सांगितलं. तीन दिवस मी चुकीचं निदान करत होतो, आणि त्या सिस्टरनी जे पाहिलं ते पाहायला मला शिकायचंय. पुढे मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, कारण ते घडलेलं होतं. आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. तू तुझे अकरा कागद बाजूला ठेव आणि आधी वही कर.

जुनी_ओपीडी

वरच्या प्रतिसादाला माझं पूर्ण अनुमोदन. मी काही वर्षं एमएमआयला परीक्षक म्हणून बसते आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून लिहिते.

ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तयार झाली आणि २००४ साली तिच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांच्याकडे दहा स्टेशनं होती, प्रत्येकी आठ मिनिटांची, आणि दोन स्टेशनांच्या मध्ये दोन मिनिटं. संख्या आणि वेळ जागोजागी बदलते, तुझ्या बोलावण्याच्या पत्रात पाहून घे. यामागचा विचार साधा आहे. एकाच मुलाखतीत एका परीक्षकाच्या आवडीनिवडीवर किंवा त्या दिवशीच्या मनःस्थितीवर मुलाचं वर्ष अवलंबून राहू नये. म्हणून परीक्षक वेगळे, प्रसंग वेगळे, गुणही वेगवेगळे. मला आधीच्या खोलीत तू काय केलंस ते ठाऊक नसतं. तिसरं स्टेशन बिघडलं असेल तर चौथ्या दारातून तू माझ्यासाठी कोरी पाटी म्हणून आत येतेस. पण दर वर्षी मी पाहते, मुलं मागच्या खोलीतला पराभव चेहऱ्यावर घेऊन आत येतात आणि माझ्या खोलीतले गुणही घालवतात. फार वाईट वाटतं तेव्हा.

दाराबाहेर प्रसंगाचा कागद वाचायला जो वेळ मिळतो त्यात उत्तर रचत बसू नकोस. तीन गोष्टी शोध: प्रसंगात कोण आहे, खोलीत नसूनही कुणावर परिणाम होणार आहे, आणि कोणती माहिती दिलेली नाही. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात.

एथिक्सचं म्हणशील तर चार तत्त्वं पक्की समजून घे: रुग्णाचा स्वतःचा निर्णय, त्याचं भलं, त्याला इजा न होणं, आणि न्याय. ती १९७९ पासून या चौकटीत शिकवली जातात. पण आत येऊन ती पाढ्यांसारखी म्हणू नकोस. एखादी मुलगी म्हणते, ‘आजींना ऑपरेशन नको आहे, मुलाला हवं आहे. मी आधी आजींना एकट्यांना भेटेन आणि त्यांना नेमकं काय समजलंय ते विचारेन.’ तिने एकाही तत्त्वाचं नाव घेतलं नाही, पण तिच्या बोलण्यात मला ती तत्त्वं दिसली.

त्याबरोबर थोडा इतिहास वाच. अमेरिकेतल्या टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिस झालेल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय पुरुषांवर ‘अभ्यास’ चालू होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिलं गेलं नाही. माणसांवरच्या संशोधनाची नीती सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा, म्हणजे तो आल्यानंतरही आठ वर्षं हे चालूच राहिलं. ‘लोक डॉक्टरांवर अविश्वास का दाखवतात?’ हा प्रश्न आला की ज्याला हे ठाऊक आहे तो लोकांना अडाणी म्हणत नाही.

कोवळं_ऊन

दादा, मॅडम, किती मनापासून लिहिलंत! ताटाचा प्रसंग आईला वाचून दाखवला. क्लासचा विषय घरात आजच बंद झाला. वही सुरू केली आहे.

मॅडम, एक सराव प्रश्न स्वतःच घेतला. ‘तुमचा सहाध्यायी वॉर्डात आला आहे. त्याच्या तोंडाला दारूसारखा वास येतोय. काय कराल?’ माझं उत्तर: ‘रुग्णांची सुरक्षितता सर्वांत महत्त्वाची असल्यामुळे मी ताबडतोब वरिष्ठांकडे तक्रार करेन.’ यात काय कमी आहे?

जुनी_ओपीडी

जिथे पोचलीस ती जागा बरोबर आहे, पण वाटेतलं सगळं राहून गेलं. प्रश्न पुन्हा वाच, दारूसारखा वास आहे. मधुमेहात कीटोअॅसिडोसिस झाला, म्हणजे रक्तात आम्ल साठलं, तर श्वासाला अॅसिटोनचा, गोडसर वास येतो आणि माणूस गोंधळल्यासारखा वागतो. तो मुलगा प्यायलेला नसून आजारी असू शकतो. हे तुला आत्ताच माहीत असावं अशी कुणाचीही अपेक्षा नाही. पण ‘कदाचित दुसरं काही कारण असेल’ एवढी जागा मनात ठेवणं आम्ही नक्की पाहतो.

आता पायरी पायरीने जा. या क्षणी तो रुग्णाजवळ आहे का? असेल तर कारण काहीही असो, आधी त्याला तिथून बाजूला आणायचं. एकांतात, आवाज न चढवता विचारायचं: ‘तू बरा आहेस ना?’ तो काय म्हणतो ते ऐकायचं. मग वरिष्ठांना सांगायचं, आणि सांगणार आहोत हे त्यालाही आधी सांगायचं. तो ‘कुणाला बोलू नकोस’ म्हणाला तरी. आणि दुसऱ्या दिवशी त्याची विचारपूस करायची. तुझ्या वाक्यात तो मुलगा माणूस म्हणून कुठेच नव्हता, फक्त तक्रारीचा विषय होता.

उंबरठ्यावर

रोल-प्लेबद्दल मी लिहितो. अशा स्टेशनांवर मी रुग्णाची किंवा नातेवाइकाची भूमिका करतो. एकदा माझी भूमिका अशी होती: उमेदवाराने माझा कॅमेरा मागून नेला होता आणि तो त्याच्या हातून फुटला होता. आता त्याने मला ते सांगायचं. त्या कॅमेऱ्यात माझ्या वारलेल्या बहिणीचे फोटो होते. उमेदवाराच्या कागदावर मात्र ही गोष्ट नव्हती.

बहुतेक मुलं आत येताच म्हणायची, ‘मी नवा घेऊन देतो.’ मी विचारायचो, ‘आणि त्यातले फोटो?’ आणि गप्प बसायचो. ती शांतता सहन होत नाही. मुलं ती भरून काढायला लागतात: कार्ड दुरुस्त होतं, हल्ली सॉफ्टवेअर असतं, मी समजू शकतो तुम्हाला काय वाटतंय. हे शेवटचं वाक्य ऐकलं की मी, म्हणजे माझ्यातला तो भाऊ, आणखी मिटून जायचो. एक मुलगी होती. ती थांबली. बराच वेळ. मग म्हणाली, ‘त्यात कुणाचे फोटो होते?’ त्या प्रश्नाने माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. भूमिका करताना माझं असं सहसा होत नाही.

तेव्हा बेटा, शांततेला घाबरू नकोस. समोरच्याला काय माहीत आहे ते आधी विचार, मग सांग. कॅन्सरच्या रुग्णांना वाईट बातमी कशी सांगावी याची स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत २००० साली मांडली गेली. तीही ऐकण्याची जागा तयार करण्यापासून सुरू होते आणि सांगण्याआधी विचारायला लावते.

पुन्हा_अर्ज

पॅनेलबद्दल थोडं राहिलं. अर्जात लिहिलेली प्रत्येक ओळ हा एक संभाव्य प्रश्न असतो, म्हणून स्वतःचा अर्ज परक्यासारखा वाच. ‘संशोधनाची आवड’ लिहिलं असेल तर कोणतं, कुणाचं, काय निष्पन्न झालं? सांगता येत नसेल तर आत्ताच त्यावर बस.

विज्ञानाचे प्रश्न आले तर मनातल्या मनात नको, मोठ्याने विचार कर. मला विचारलं होतं, ‘केस कापताना दुखत नाही, उपटताना का दुखतं?’ उत्तर एका ओळीचं आहे, पण त्यांना माझी वाट ऐकायची होती. केसाच्या दांड्यात नसा नाहीत, तो मृत केराटिनचा. मग दुखतंय कुठे? मुळाशी. म्हणजे मुळाभोवती नसांची टोकं असणार. मध्ये एकदा चुकलो, ‘थांबा, हे बरोबर नाही’ म्हणालो आणि मागे आलो. ते चाललं. ‘माहीत नाही’ म्हटलेलंही चालतं, फक्त तिथेच थांबू नकोस.

मुलाखत ऑनलाइन असेल तर भिंतीवर चिठ्ठ्या लावू नकोस, डोळे कुठे जातात ते समोर लगेच दिसतं.

सराव आरशासमोर नको, माणसासमोर कर, आणि तोही अशा माणसासमोर ज्याच्याशी तुझी फारशी ओळख नाही. घड्याळ लाव. एकदा आवाज रेकॉर्ड करून ऐक. मी दर वाक्याची सुरुवात ‘म्हणजे’ने करत होतो, ते तेव्हाच कळलं.

कोवळं_ऊन

काल एमएमआय झाली, म्हणून धागा वर आणते आहे.

सरावासाठी वाचनालयातल्या काकूंना विचारलं होतं. त्या मला फक्त चेहऱ्याने ओळखायच्या. रोज संध्याकाळी वीस मिनिटं दिली त्यांनी. दादा, मी ‘खरं सांगायचं तर’ फार म्हणत होते.

दुसरं स्टेशन पार बिघडलं. एक आकृती समजावून सांगायची होती आणि मी वेळेत पोचलेच नाही. बाहेर आले, मॅडमचं कोऱ्या पाटीचं वाक्य मनात म्हटलं आणि पुढचा कागद वाचायला घेतला. सहाव्या खोलीत एक बाई होत्या, त्यांच्या मुलाबद्दल बोलायचं होतं. जास्त लिहीत नाही, गुप्ततेचा फॉर्म भरून दिला आहे. त्या बोलता बोलता थांबल्या. काका, मी पण थांबले. हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. मग त्या स्वतःहूनच पुढे बोलायला लागल्या, आणि त्यांचं वाक्य अर्धं झालं असतानाच घंटा वाजली.

निकाल यायचाय. पॅनेलला नऊ दिवस आहेत आणि आज अर्ज परक्यासारखा वाचायला बसले आहे. पहिल्याच परिच्छेदात ‘सेवाभाव’ हा शब्द तीनदा आलाय. मॅडम, यावर त्यांनी विचारलं तर मी वहीतला कोणता प्रसंग सांगू? दोन प्रसंग टाइप करून उद्या इथेच टाकते.

जुनी_ओपीडी

टाक. रात्री ड्युटीवर आहे, मधल्या वेळात नक्की वाचेन.