भावाला नायजेरियात कडुनाला नोकरी आलीय, तिथलं ख्रिश्चन-मुस्लिम भांडण नक्की काय आहे?

शिरोली_नाका:
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ इथं एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटीला आहे, त्याला नायजेरियाची ऑफर आलीय, गाव कडुना. पगार इथल्या तिप्पट, राहणं-खाणं कंपनीचं. सगळं ठरत आलंवतं आणि आईनं व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ बघितला, चर्च जळतंय आणि खाली लिहिलंय की तिथं ख्रिश्चनांना वेचून मारायलेत, ट्रम्प सैन्य पाठवणार वगैरे, तवापासनं घरात कुणाला धड जेवण जाईना. मामा म्हणतोय ते सगळं अमेरिकेचं राजकारण, तसलं काय नाही. मला दोन्ही पटंनात. कुणी तिथं राहिलंय का? आणि आपण हिंदू, मग आपल्याला ते कुठल्या बाजूत धरतात?

लागोस_रिटर्न:
ताई, मी दक्षिणेतल्या लागोसला आणि उत्तरेतल्या कानोला दोन्हीकडं काढलेत दिवस. पहिली गोष्ट, नायजेरिया म्हणजे एक गाव नव्हे, वीस कोटीच्या वर लोक आहेत. लागोसच्या बाजूला योरुबा लोक, त्यांच्यात एकाच घरात थोरला मुस्लिम, धाकटा ख्रिश्चन, ईदला सगळे एकत्र आणि ख्रिसमसला पण एकत्र. आत्ताचे अध्यक्ष टिनुबू मुस्लिम आणि त्यांची बायको चर्चमध्ये पास्टर. (तरीपण २०२३ च्या इलेक्शनला अध्यक्ष-उपाध्यक्ष दोघं मुस्लिम उभे केले म्हणून केवढा दंगा उठला होता.)

कानोला गेलं की हवाच वेगळी. तिथं बाहेरनं आलेले ख्रिश्चन, इग्बो वगैरे, साबोन गारी नावाच्या भागात राहतात, बियर तिथंच मिळते. मधनंच हिस्बा म्हणजे शरियतची पोलिसं येतात आणि बाटल्यांचे ढीग रस्त्यावर फोडतात. कडुना ह्या दोन्हीच्या मधी आहे आणि म्हणूनच तिथं जास्त पेटतं. मधनं नदी जाते, दंगलींनंतर उत्तरेला मुस्लिम आणि दक्षिणेला ख्रिश्चन असं शहर जवळजवळ वाटून गेलंय.

आपल्याला बाजूबिजू नसते ओ. आपण परदेशी, म्हणजे पैसेवाले. भीती ती आहे, धर्माची नव्हे.

निवृत्त_मास्तर:
थोडं मागचं सांगतो, कंटाळा आला तर सोडून द्या. १८०४ ला उस्मान दान फोदिओनं उत्तरेत जिहाद पुकारला, त्यातनं सोकोतोची खिलाफत उभी राहिली. पुढं इंग्रज आले, त्यांनी अमीर म्हणजे तिथल्या मुस्लिम राजांच्या हातानंच राज्य चालवलं आणि अमीर नाराज होऊ नयेत म्हणून मिशनऱ्यांना उत्तरेत फारसं शिरू दिलं नाही. म्हणजे शाळा सगळ्या दक्षिणेत. १९१४ ला दोन्ही भाग एकात जोडले तेव्हा रेल्वेत, पोस्टात, कचेरीत बसायला दक्षिणेतले शिकलेले ख्रिश्चन आले आणि उत्तरेतल्या माणसाला आपल्याच गावात आपण मागं पडलो असं वाटायला लागलं. भांडणाचं मूळ मला तरी इथं दिसतं, कुराण-बायबलात नाही.

१९९९ ला लष्करी राजवट गेली आणि उत्तरेतल्या झाम्फारा राज्याच्या गव्हर्नरनं शरियत फौजदारी कायद्यात आणली, मतं मिळतात म्हटल्यावर बघता बघता उत्तरेतली १२ राज्यं त्यात. कडुनात ख्रिश्चन जवळजवळ निम्मे, त्यामुळं २००० च्या फेब्रुवारीत शरियतच्या विरोधात मोर्चा निघाला, दंगल पेटली आणि हजारावर माणसं मेली. २००२ च्या ऑगस्टात तिथल्या मौलवी-पाद्र्यांनी शांततेच्या करारावर सह्या केल्या, आणि नोव्हेंबरात नायजेरियात भरणाऱ्या मिस वर्ल्ड स्पर्धेवरनं एका पेपरात पैगंबरांबद्दल एक वाक्य छापून आलं तर परत दोनशेच्या वर मेले. स्पर्धा उचलून लंडनला न्यावी लागली.

आणि जोस शहराचं बघा. कथलाच्या खाणींवर कामाला उत्तरेतले हौसा मुस्लिम आले, पिढ्या गेल्या, पण त्यांना स्थानिक असल्याचा दाखला मिळत नाही. आपल्याकडं पंधरा वर्षं काढली की डोमिसाईल मिळतो, तिथं बाप-आजा त्या मातीत गेला तरी तुम्ही उपरेच. दाखला नाही म्हणजे सरकारी नोकरी नाही, स्कॉलरशिप नाही. बेरोम वगैरे मूळचे ख्रिश्चन म्हणतात, दाखला दिला तर आमचं गावच जाईल. २००१, २००८, २०१०, दर वेळी शेकड्यानं मुडदे. उत्तरेच्या राज्यांत नेमकं उलटं, तिथं ख्रिश्चन उपरे.

तांबडा_पांढरा:
एवढं मोठं लिहायची काय गरज मास्तर, सरळ सांगा की ह्या लोकांना कुठंच कुणाबरोबर ऱ्हायला येत न्हाय.

लागोस_रिटर्न:
@तांबडा_पांढरा भावा, २०१४ ला कानोच्या मोठ्या मशिदीत जुम्म्याच्या नमाजला बॉम्ब फुटले, शंभरावर मेले ते सगळे मुस्लिम. झाम्फारा-कात्सिनात डाकू गावंच्या गावं लुटतात, ते डाकू मुस्लिम आणि मरणारे पण मुस्लिम. आणि स्टेटसवरनं २०२३ च्या जूनमध्ये आपल्या कोल्हापुरात शिवाजी चौकात काय झालं, नेट किती बंद होतं, ते विसरलास काय लगेच?

शाहूपुरी_चर्चवाला:
मी स्वतः ख्रिश्चन आहे, आमच्याकडं प्रार्थनेत नायजेरियाचं नाव नेहमी असतं. मास्तरांचं बरंचसं पटतं पण सगळं जमिनीवर आणि दाखल्यावर ढकललं की मला राग येतो. २०२२ ला सोकोतोत देबोरा सॅम्युएल ह्या कॉलेजच्या पोरीला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या मेसेजवरनं जमावानं दगडांनी मारली आणि जाळली. तिथं कुठली जमीन होती? २०१८ ला दापचीच्या शाळेतनं शंभरावर पोरी पळवल्या, बहुतेक सगळ्या परत सोडल्या, लिया शारिबू तेवढी ठेवून घेतली कारण तिनं धर्म बदलायला नकार दिला. २०२३ च्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री प्लॅटू राज्यातल्या बोक्कोसच्या गावांत दीडशेवर लोक कापले. हे धर्मावरनं नाही असं त्या आईबापांना जाऊन सांगून बघा.

पण त्याच प्लॅटू राज्यातलं दुसरंही सांगतो. २०१८ च्या जूनमध्ये शेजारच्या गावांवर हल्ला झाला, लोक पळत न्घार गावात आले. तिथला म्हातारा इमाम अबुबकर अब्दुल्लाही, त्यानं २६२ जणांना मशिदीत आणि घरात लपवलं, बरेचसे ख्रिश्चनच, आणि हल्लेखोरांच्या आडवा उभा राहिला. आधी मला मारा म्हणाला. ह्याचा व्हिडिओ ताईंच्या आईला कुणी पाठवला नसणार.

निवृत्त_मास्तर:
मान्य. देबोराच्या बाबतीत माझ्याकडं उत्तर नाही. कडुनातल्याच दोघांचं सांगतो, पास्टर जेम्स वुये आणि इमाम मुहम्मद अशाफा. दोघंही तरुणपणी आपापल्या टोळीत, १९९२ च्या दंगलीत एकाचा हात गेला आणि दुसऱ्याचे गुरू आणि दोन भाऊबंद गेले. पुढं १९९५ ला दोघांनी मिळून समेटाचं काम काढलं, तेही कडुनातच. मैत्री जमायला वर्षं लागली, पहिल्यांदा एकमेकांवर भरवसाच नव्हता.

शिरोली_नाका:
सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचं भावाला वाचून दाखवलं, तो म्हणतो हे कंपनीच्या एचआरला पण माहीत नसणार. आता एवढंच सांगा, जाऊ दे की नको?

लागोस_रिटर्न:
जायचं का नको ते त्यानं ठरवावं, पण सही करायच्या आधी तीन गोष्टी लेखी घे म्हणावं. क्वार्टर नदीच्या कुठल्या अंगाला आहे, कंपनीच्या आवारात आहे का बाहेर. अबुजाहून कडुनाला कशानं नेणार, कारण त्या रस्त्यावरनं माणसं उचलतात आणि २०२२ च्या मार्चमध्ये तर ट्रेनच अडवून प्रवासी नेले होते, महिनोन्महिने अडकले. आणि किडनॅप झाला तर कंपनी काय करणार. तिसऱ्याला एचआर टाळाटाळ करायला लागला तर लागोस प्लांटला जागा आहे का विचार, पगार थोडा कमी असंल.

तांबडा_पांढरा:
लागोसला ट्रॅफिकनं मरंल तो.

शिरोली_नाका:
@लागोस_रिटर्न दादा, मेल टाकलाय तिन्ही प्रश्नांचा. आईला तो इमामाचा किस्सा सांगितला, ती म्हणते तो म्हातारा चांगला असंल ग, पण माझं पोरगं त्याच्या गावाला थोडंच चाललंय.