मदत हवी: 1992 ची मियाटा, एसी अर्ध्या तासात मान टाकतो

नमस्कार मंडळी,

मुक्काम फीनिक्स, अ‍ॅरिझोना. गाडी माझदा मियाटा, 1992 ची, 1.6 लिटर. "उघड्या टपाची गाडी हौसेने घेतलीस ना, मग एसी कशाला?" असं बायको विचारते. जुलैत पारा 43 च्या वर गेला की टप उघडणाऱ्याची करपलेली भाकरी होते, हे तिलाही ठाऊक आहे.

तर दुखणं असं. सकाळी एसी झकास. अर्धा तास गावात फिरून किराण्यासाठी दहा मिनिटं थांबलो, की परत निघताना गरम झोत. गाडी तासभर निवली की पुन्हा गारेगार.

गाडीचा एसी मुळात आर-12 या जुन्या गॅसचा. त्याचं उत्पादन इथे 1995 अखेर बंद झालं, म्हणून आधीच्या मालकाने आर-134ए या नव्या गॅसवर बदलून घेतलाय. बॉनेटखाली तसं स्टिकर आहे. ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) तेव्हा बदलला की नाही, तेल कुठलं भरलं, देव जाणे.

एका गॅरेजवाल्याने दाब मोजायचे गेज न लावताच "गॅस संपला, कॉम्प्रेसर गेला" म्हणत 1800 डॉलर सांगितले. मग मीच गेज आणले. सकाळी 35 अंशांना, इंजिन बंद असताना कमी आणि जास्त दाबाच्या दोन्ही बाजूंना 114 पीएसआय. चालू असताना 40 आणि 240. मग गॅस संपला कुठे?

प्रतिसाद:
114 वर भुलू नका. एसीत चमचाभर द्रवरूप गॅस उरला तरी त्या तापमानाला दाब तेवढाच दिसतो. चालू गाडीचे आकडे मात्र ठीक आहेत. मला कॉम्प्रेसरच्या क्लचचा संशय येतोय, म्हणजे चुंबकाने प्लेट ओढून कॉम्प्रेसरला पट्ट्याच्या पुलीशी जोडणारा भाग. त्याच्या चुंबकाची कॉइल तापली की तांब्याचा रोध वाढतो, 60 अंशांच्या फरकाला वीसेक टक्के. चुंबक तेवढा ढिला पडतो. त्यात प्लेट झिजून फट रुंदावली असेल तर ती ओढली जात नाही. एसी रुसलेला असताना क्लचच्या वायरला व्होल्टेज आहे का बघा. असेल, तर लांब लाकडी दांड्याने प्लेट हलकेच आत ढकला. पट्ट्यापासून बाही आणि हात लांब ठेवा, कृपया.

धागाकर्ता:
12.9 व्होल्ट मिळाले. झाडूचा दांडा टेकवला, खट्ट! दोन मिनिटांत गार हवा. फीलर गेजने फट मोजली, 1 मिलिमीटर. प्लेटच्या हबचा बोल्ट काढला तर आत दोन शिम (पातळ चकत्या). एक काढल्यावर फट बरोब्बर अर्धा मिलिमीटर झाली, आणि काल भर दुपारी तासभर एसी हूं की चूं न करता चालला.

पण हब काढल्यावर आत शाफ्टभोवती तेलकट काळा गोल दिसला. पुसला, आज पुन्हा पुसट ओशट लागतंय. कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील गळतंय का? गळती दाखवणारा रंग (डाय) टाकून बघू, की आणखी महिनाभर नुसती नजर ठेवू?