अनुभव धागा : प्रवेश अर्जात ‘अभ्यासेतर उपक्रम’ म्हणून आपण काय लिहिले?

अमेरिकेतील अनेक महाविद्यालये स्वीकारत असलेल्या ‘कॉमन ॲप’ या सामाईक अर्जात अभ्यासेतर उपक्रमांसाठी 10 रकाने असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला मोकळ्या जागा धरून जेमतेम 150 अक्षरे मिळतात. त्यांत आपण किंवा आपल्या मुलांनी काय लिहिले, काय गाळले आणि आज त्याबद्दल काय वाटते, हे येथे मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

विद्यार्थिनी
मी अकरावीत असताना आजीला पक्षाघात झाला. आईवडील दोघेही नोकरीला असल्याने शाळेतून आल्यावर तिला भरवणे, औषधे देणे, हाताचे व्यायाम करून घेणे आणि धाकट्या भावाचा अभ्यास घेणे, यांत माझे आठवड्याचे 18 तास जात. वादविवाद मंडळ मी त्यामुळेच सोडले होते, आणि अर्ज भरायला बसले तेव्हा माझ्याकडे लिहिण्यासारखे काहीच नाही, या विचाराने रडू आले. समुपदेशक बाईंनी उपक्रमांच्या प्रकारांची यादी उघडून दाखवली; तीत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असा स्वतंत्र पर्यायच होता. घरच्या माणसाचे केले त्याला उपक्रम म्हणणे मला आजही जड जाते, पण माझा वेळ खरोखर कुठे गेला हे त्या रकान्याशिवाय कुणाला कळलेच नसते. तास आणि आठवडे नीट मोजून मी तो पहिल्या क्रमांकावर लिहिला.

पालक
दहाही रकाने भरलेच पाहिजेत, असा हट्ट मी धरला होता. मुलगा वर्षातून दोनदा गेलेली मंडळे मी त्याला लिहायला लावली आणि दोन वर्षे शनिवार-रविवार दुकानात केलेली नोकरी मात्र, पैसे घेऊन केलेले काम कसले दाखवायचे म्हणून, गाळायला सांगितली. सशुल्क अभ्यासवर्ग विकणाऱ्या एका सल्लागाराचेही तेच मत होते. पुढे अमेरिकेतील एमआयटी (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) या विद्यापीठाचा स्वतंत्र अर्ज पाहिला, तर तिथे चारच उपक्रम विचारलेले होते! त्या चारांत मुलाने नोकरी लिहिली. कॉमन ॲपमध्येही पगारी कामाचा पर्याय आहे, हे मी वाचायला हवे होते.

विद्यार्थी
मी कोणत्याही संस्थेत नव्हतो. घरी जुने रेडिओ दुरुस्त करायचो, प्रमाणपत्र एकही नव्हते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात वर्णनाला 350 अक्षरे मिळतात. तिथे किती संच दुरुस्त झाले आणि कोणते झाले नाहीत, तेवढेच लिहिले.